रेसिंग चाकाच्या गाडीला मीटर: वेग मागून घ्या, आणि आधी फेरे मोजा

प्रश्न फोंड्याहून आलाय. बुलेटच्या फ्रेमवर बांधलेली कॅफे रेसर आहे. पुढे इटालियन ग्रिमेका कंपनीचं दोन्ही बाजूंना ब्रेक असलेलं रेसिंग हब (चाकाचा मधला भाग), 18 इंची रिम. मागेही 18 इंची रिम, जुनं ब्रिटिश धाटणीचं शंकूसारखं निमुळतं हब, त्यात ब्रेक आणि स्प्रॉकेट दोन्ही डावीकडे. बुलेटचा मीटर पुढच्या चाकावरून चालायचा, तो आता लटकतोय. रेसिंग हबमध्ये मीटरचं वर्म, म्हणजे चाकाच्या फिरण्यावर केबल फिरवणारे दाते, बसवायला जागा कशी काढायची आणि मूळ मीटर चालू कसा ठेवायचा, असं विचारलंय.

पुढच्या हबमध्ये जागा काढायचीच नाही. शर्यतीच्या गाडीला वेग बघायची गरज नसते, इंजिनाचे फेरे बघायची असते. म्हणून नॉर्टन मँक्ससारख्या गाड्या कारखान्यातून टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) घेऊनच बाहेर पडायच्या आणि त्यांच्या हबमध्ये मीटरच्या ड्राइव्हचा विचारच केलेला नसायचा. तुमच्या पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना ब्रेक प्लेट, तिच्या आत शूज, मध्ये बेअरिंग, आणि प्लेट थेट फोर्कला टेकलेली. आठ-दहा मिलिमीटरची फट कुठेही सुटत नाही. काही जण प्लेटला भोक पाडून आत दाते बसवायचा घाट घालतात. ब्रेक दाबला की सगळा मार त्या प्लेटवर येतो, आणि जुन्या ओतीव प्लेटमध्ये भोकाच्या कडेपासून तडा धरतो. मीटरसाठी पुढचा ब्रेक पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

मीटर मागच्या चाकावरून चालवायचा. त्यासाठी मागच्या हबच्या धातूचं आधी पाहून घ्या. जुनी रेसिंग हब अनेकदा मॅग्नेशियमची असतात, आणि रंगाखाली ते ॲल्युमिनियमपेक्षा वेगळं दिसत नाही. आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडून त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच फसफसून बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, थेंब शांत बसला तर ॲल्युमिनियम. थेंब लगेच पाण्याने धुवा आणि खरवडलेल्या जागी प्रायमर लावा. मॅग्नेशियम निघालं तर तीन गोष्टी बदलतात. एक, त्यात नवीन भोक पाडायचं नाही. दोन, स्टीलचा किंवा स्टेनलेसचा स्क्रू त्यात उघडा ठेवायचा नाही. मिरामार, कळंगुट, वास्कोच्या खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये ओल आली की मॅग्नेशियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं, आणि एका पावसाळ्यात स्क्रूभोवती खळगा दिसायला लागतो. तीन, लेथवर ते कापताना निघणारा बारीक कीस पेट घेतो. त्यावर पाणी मारलं तर आग भडकते, म्हणून शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. लेथवाल्याला हे आधी सांगा, तो ॲल्युमिनियम समजून काम सुरू करेल.

आता फेऱ्यांचा हिशेब. बहुतेक लोक आधी भाग विकत घेतात आणि मग मीटर चुकीचं दाखवतो म्हणून डोकं धरून बसतात. केबलवर चालणारा प्रत्येक मीटर एका ठरावीक आकड्यासाठी बनलेला असतो: एका किलोमीटरला, किंवा ब्रिटिश मीटर असेल तर एका मैलाला, केबलचे किती फेरे. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या अनेक तबकड्यांवर बारीक अक्षरात 1600 किंवा 1000 छापलेलं असतं, ते मैलामागचे फेरे. 1600 म्हणजे किलोमीटरला 994. जर्मन व्हीडीओ मीटरवर डब्ल्यू आणि पुढे आकडा असतो, तो किलोमीटरमागचा. जपानी पद्धतीत 637 आणि 1400 हे दोन आकडे नेहमीचे.

तुमच्या मीटरवर काही छापलेलं नसेल तर आकडा मीटरकडूनच काढून घ्या. जुन्या केबलच्या आतल्या तारेचा वीतभर तुकडा कापून त्याचं चौकोनी टोक मीटरमध्ये खोचा आणि दुसऱ्या टोकाला कागदाची चिकटपट्टी झेंड्यासारखी लावा. ओडोमीटरचा (एकूण अंतर मोजणाऱ्या आकड्यांचा) शेवटचा, शंभर मीटरचा आकडा खिडकीत बरोबर मधोमध येईपर्यंत फिरवा, मग पुढचा आकडा तसाच मधोमध येईपर्यंत झेंड्याचे फेरे मोजा. 100 भरले तर मीटर 1000 चा, 140 भरले तर 1400 चा. ओडोमीटर दातांवर चालतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही थकलेली असो, हा आकडा खोटा निघत नाही. काटा मात्र थकलेला असू शकतो. त्याची खात्री वेग कमी-जास्त होणाऱ्या ड्रिलवर होते: 1000 च्या मीटरला मिनिटाला 1000 फेरे दिले की काटा 60 वर यायला हवा. ड्रिल पूर्ण वेगात सोडू नका, 2800 फेऱ्यांना तोच मीटर 168 मागतो. काटा शून्याच्या खुंटीवरच दाबून बसला तर ड्रिल उलटं फिरतंय.

चाकाचा परीघ तक्त्यातून घेऊ नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, गाडीवर नेहमी बसणाराच बसवा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा. सरळ रेषेत गाडी ढकलत पाच फेरे पूर्ण करा, दुसरी खूण करा. टेपने अंतर मोजून पाचाने भागा. मागच्या 110/80-18 टायरला कागदावर 1990 मिलिमीटरच्या आसपास येतं, वजन बसलं की थोडं कमी. समजा पाच फेऱ्यांना 9850 मिलिमीटर आले, तर एका फेऱ्याला 1970, म्हणजे किलोमीटरला चाकाचे साधारण 508 फेरे.

हा आकडा हातात आला की कोणती मीटरपेटी, म्हणजे चाकाचे फेरे केबलला देणारी दात्यांची पेटी, घ्यायची ते ठरतं. मागच्या ॲक्सलवर बसणाऱ्या स्मिथ्स धाटणीच्या पेट्या मुख्यतः दोन प्रमाणांत दिसतात: चाकाच्या एका फेऱ्याला केबलचे दोन, आणि एका फेऱ्याला सव्वा. पहिलीने तुमच्या चाकावर 1015 फेरे मिळतात. मीटर किलोमीटरला 1000 चा असेल तर तो दीड टक्का जास्त दाखवेल, याहून चांगलं जुळणं मागू नये. दुसरीने 635 मिळतात, म्हणजे 637 च्या मीटरला बिनचूक. पण दोनच्या पेटीवर 1400 चा मीटर लावलात तर खऱ्या 60 ला तो 43 दाखवेल. हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि ती धोक्याची आहे, कारण चालवणाऱ्याला आपण सावकाश चाललोय असं वाटतं. मीटर थोडा जास्त दाखवणारा चालतो, तीन-चार टक्के चढा असला तर उत्तमच. कमी दाखवणारा अजिबात नको. मीटर बदलायचाच नसेल आणि पेटी जुळत नसेल तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअरपेटी हवी त्या प्रमाणात बनवून मिळते. काट्याचं चुंबक कमी-जास्त करून मीटर जुळवून देणारे कारागीरही आहेत, पण त्याने ओडोमीटर सुधारत नाही.

तुमच्या हबच्या उजव्या बाजूला ब्रेकही नाही, स्प्रॉकेटही नाही. बेअरिंग आणि स्विंग आर्म यांच्यामध्ये नुसता स्पेसर आहे. पेटी त्याच जागी बसते. व्हर्निअरने स्पेसरची लांबी मोजा, पेटीच्या मधल्या बुशची जाडी मोजा, आणि जो फरक उरेल त्याचा नवा स्पेसर टर्नरकडून करून घ्या. समजा स्पेसर 28 आणि बुश 14, तर उरले 14. बेरीज जुन्या स्पेसरएवढी बरोबर यायला हवी, नाहीतर चाक एका बाजूला सरकेल आणि चेन स्प्रॉकेटवर तिरकी चालेल. पेटीचं भोक ॲक्सलपेक्षा मोठं असेल तर पातळ स्टीलची नळी आत घाला. नुसती वॉशर लावून भागवलं तर पेटी मधोमध बसत नाही आणि दाते एका बाजूने झिजतात.

पेटीच्या आत एक फिरती रिंग असते, तिला समोरासमोर दोन कान. हे कान हबसोबत फिरणाऱ्या कशाच्या तरी खाचेत अडकले पाहिजेत. रेसिंग हबला अशा खाचा नसतात, आणि हबलाच खाचा पाडणं वर सांगितलेल्या कारणाने बाद. मार्ग असा की बेअरिंगला धरून ठेवणारी आट्यांची रिंग बाहेर काढायची आणि तशीच नवी रिंग माइल्ड स्टीलमध्ये करून घ्यायची, फक्त तिच्या बाहेरच्या तोंडाला कानांच्या मापाच्या दोन खाचा. हबला हात लागत नाही आणि उद्या जुनी रिंग परत लावली की चाक होतं तसं.

ही रिंग काढताना जपा. उजव्या बाजूची रिंग उलट्या आट्यांची असू शकते, आणि त्यामागे कारण आहे. गाडीच्या उजवीकडून पाहिलं तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि पेटीचं घर्षण रिंगला उलट दिशेने ओढतं. सुलटे आटे असतील तर ती हळूहळू सैल होते. म्हणून आधी दिशा ओळखा, उगाच पान्यावर नळी चढवून जोर लावू नका. रिंग जाम असेल तर हबवर उकळतं पाणी ओता किंवा हीट गनने तापवा. मॅग्नेशियमच्या जवळ गॅसची ज्योत आणायचीच नाही. नवी रिंग सुलट्या आट्यांची असेल तर मध्यम ताकदीचं लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावा. मॅग्नेशियम हब असेल तर आट्यांना झिंक क्रोमेट प्रायमरचा पातळ लेप द्या आणि ओली असतानाच रिंग बसवा, म्हणजे स्टील आणि मॅग्नेशियम थेट भिडणार नाहीत. तिथे मग लॉकटाइट चालत नाही, त्याऐवजी कडेला खिळ्याने दोन ठिकाणी हलका ठोका देऊन रिंग अडकवा. पण ठोका रिंगवर, हबवर नाही.

जोडताना मुख्य नियम हा: ॲक्सलचा नट आवळला की जोर पेटीच्या मधल्या बुशवरून बेअरिंगच्या आतल्या कड्यावर गेला पाहिजे, फिरत्या रिंगवर नाही. नट आवळण्याआधी पेटीचं तोंड केबलच्या वाटेकडे वळवून धरा, आवळल्यावर चाक हाताने फिरवा. पेटी हलता कामा नये, आणि आतली रिंग मोकळी फिरली पाहिजे. चिमटीत धरून हलवल्यावर जाणवेल एवढी मोकळीक तिला हवी. घासल्याचा आवाज आला तर बुश आखूड आहे, त्याच्या मागे 0.5 मिलिमीटरची शिम (पातळ चकती) घाला आणि तेवढीच जाडी बाहेरच्या स्पेसरमधून कमी करा. पेटी चाकासोबत फिरायला गेली तर बुश जास्त लांब नाही, नट सैल आहे. अशी फिरलेली पेटी केबलला दोरीसारखी पिळते आणि तोडते. तशीच गाडी चालवली तर केबल स्विंग आर्मला अडकते.

स्मिथ्स धाटणीची पेटी मागवायची नसेल तर डिस्क ब्रेकच्या देशी गाड्यांची पुढच्या चाकाची मीटरपेटी म्हापशात किंवा मडगावात कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. स्वस्त आहे, आतले दाते बहुधा प्लास्टिकचे, तरी चालून जाते. अट एकच. ती ज्या बाजूला बसायची तीच बाजू हवी. पुढच्या चाकाच्या डाव्या बाजूची पेटी मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला लावली तर केबल उलटी फिरते, काटा शून्याला दाबून बसतो आणि ओडोमीटर मागे जायला लागतो. म्हणून विकत घेण्याआधी चाकाच्या दिशेने पेटी हाताने फिरवून केबलचं टोक कुठे वळतं ते बघा, आणि तेच टोक मीटरला कुठे वळायला हवं ते ड्रिलवर पाहिलंच असेल. दहा फेऱ्यांना केबलचे किती फेरे पडतात तेही दुकानातच मोजून घ्या.

केबल मागून येते म्हणजे ती बरीच लांब, आणि वाट वाकडी. कुठेही 150 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको. सायलेन्सरपासून दूर, स्विंग आर्मला दोन ठिकाणी रबरी क्लिपने धरलेली, आणि चेन ताणताना ॲक्सल मागे सरकतो तेवढी ढील राखलेली. आतली तार बाहेरच्या नळीपेक्षा जास्त लांब असेल तर ती मीटरच्या दांड्याला ढोसत राहते आणि बेअरिंग खाते. जोडल्यावर तारेला दोन मिलिमीटर मागे-पुढे हलायला जागा असली पाहिजे. ग्रीस खालच्या भागात लावा, वरची वीतभर तार कोरडी ठेवा. ग्रीस तारेच्या पिळाला धरून वर चढतं आणि मीटरच्या चकतीवर पसरतं, मग काटा वर जाऊन तिथेच चिकटतो. काटा थरथरत असेल तर तार कुठेतरी वाकलेली आहे. ती बाहेर काढून काचेवर फिरवली की कुठे उडी मारते ते दिसतं. जुन्या क्रोनोमेट्रिक मीटरचा काटा टप्प्याटप्प्यानेच उडतो, तो बिघाड नव्हे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मागच्या चाकाजवळ लाल चिखलाचा लेप बसतो, आणि वाळला की तो सिमेंटसारखा. पेटीचं तोंड वर केलं तर केबलवरून ओघळलेलं पाणी थेट आत जातं. तोंड पुढे आणि जरा खाली ठेवा, जोडावर रबरी बूट चढवा, पावसाळ्याआधी आणि नंतर पेटीत ग्रीस भरा. फेरीबोटीने रोज ये-जा असेल तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. पण प्रेशर पंपाचा फवारा पेटीवर मारू नका, तो सीलमधून आत घुसतो.

केबलच नको असेल, किंवा कुणाच्या मागच्या हबला दोन्ही बाजू भरलेल्या असतील, तर सेन्सर. मागच्या स्प्रॉकेटच्या बोल्टची डोकी लोखंडी आहेत, तीच मोजायची. 8 मिलिमीटरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळून गेलेला धातू न शिवता ओळखणारा), 12 व्होल्टवर चालणारा, बोल्टच्या डोक्यापासून दीड मिलिमीटरवर. एका चुंबकावर काम भागवलं तर 20 च्या वेगाला सेकंदाला तीनसुद्धा ठोके पडत नाहीत आणि आकडा अडखळत बदलतो. पाच बोल्ट मोजले तर चौदा पडतात. सेन्सरची पट्टी स्विंग आर्मवर नको, चेन ॲडजस्टरसोबत सरकेल अशी लावा, नाहीतर चेन ताणली की सेन्सर बोल्टच्या वाटेतून बाहेर जातो. ब्रेक ड्रमवर चुंबक चिकटवणं हा तर ठरलेला घोळ. साधं निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे ताकद गमावायला लागतं आणि अराल्डाइटही त्या तापात सुटतं. सायकलच्या मीटरचं चुंबक आऱ्यांवर लावायचं असेल तर हबजवळ लावा. ताशी 100 ला हबपासून 6 सेंटिमीटरवरचं 10 ग्रॅमचं चुंबक साधारण अर्ध्या किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं, रिमजवळ 20 सेंटिमीटरवर हाच जोर दीड किलोच्या पुढे जातो.

इलेक्ट्रॉनिक मीटर मध्येच 0 किंवा 180 दाखवत असेल तर दोष बहुधा प्लगच्या ठिणगीचा असतो. 5 किलोओमचा प्लग कॅप लावा आणि सेन्सरची वायर कॉइलच्या वायरपासून वेगळ्या वाटेने न्या. बिनबॅटरीच्या मॅग्नेटो गाडीला मात्र जीपीएसचा, स्वतःची बॅटरी असलेला मीटरच सोयीचा. त्याला चाकाशी देणंघेणं नाही. पण सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत तो गप्प बसतो, आणि दाट झाडीच्या घाटात मागे पडतो. तपासणीला तो उत्तम, रोजच्या वापरात मला तो दुय्यमच वाटतो.

कागदांचंही बघून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 117 स्पीडोमीटरचा आहे, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला तो हवाच. पण मीटर लावल्याने बाकी बदल वैध होत नाहीत. कारखान्याच्या नमुन्यापासून केलेल्या फेरफाराला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नाही आणि तुमची बांधलेली गाडी त्यात बसणारही नाही.

सगळं जोडून झाल्यावर पणजी–रायबंदर कॉजवेवर सकाळी लवकर जा. रस्ता सरळ, सपाट, आणि दोन्ही बाजूंना आकाश मोकळं, त्यामुळे फोनचं जीपीएस भरवशाचं. 30 आणि 40 या दोन वेगांना प्रत्येकी अर्धा मिनिट काटा स्थिर धरा. फोन बघायचं काम मागच्या सीटवरच्या माणसाचं. दोन्ही वेगांना टक्केवारीतला फरक सारखा आला तर फेऱ्यांचा हिशेब चुकलाय किंवा परीघ चुकीचा मोजलाय. एका वेगाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असेल तर दोष मीटरच्या स्प्रिंगमध्ये आहे, चाकाकडे पाहू नका. 200 किलोमीटरनंतर ॲक्सलचा नट पुन्हा आवळून बघा, पेटी उघडून जुनं ग्रीस बोटावर घ्या. त्यात चकाकणारी पितळी कणी दिसली तर दाते तिरके बसलेत, मधल्या नळीचं माप पुन्हा घ्या.